पांढरा गोटा

मासा कमी झाला होता.

वाळवलेल्या हलिबट माशाची पिशवी मी घरून स्वतः भरून आणली होती. मुक्कामाला पोचलं की अन्नाच्या सगळ्या पिशव्या एका मोठ्या दगडाच्या आडोशाला ठेवायच्या, वर जुनं जाळं टाकायचं आणि जाळ्याला गाठ मारायची, ही माझी पद्धत. सकाळी गाठ जशीच्या तशी होती आणि पिशवी अर्धी. कोल्हा एकवेळ गाठ सोडेल, पण पोट भरल्यावर परत बांधून ठेवणार नाही.

मी संशयी आहे, हे आमच्या वस्तीतल्या मेंढ्यांनाही ठाऊक आहे. पण संशयी माणूसच पाहुण्यांना परत आणतो. गेली कित्येक वर्षं उन्हाळ्यात मी डेन्मार्कहून येणाऱ्या लोकांना कयाक या चिंचोळ्या होड्यांतून आमच्या फियॉर्डच्या, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेल्या खाडीच्या, टोकापर्यंत नेते, किनाऱ्यावर तंबूत झोपवते आणि जेवढे नेले तेवढे परत धक्क्यावर उतरवते. हवा, बर्फ, लाटा, पाहुण्यांचा उत्साह, यातल्या कशावरही माझा विश्वास नाही.

या खेपेला पाहुणे तिघं होते. होल्गर आणि लिस्बेट हे नवरा-बायको एका जोडकयाकमध्ये. पुढे ती, मागे तो आणि मध्ये दिवसभर भांडण. "वल्हं पाण्यात घालतोयस की नुसतं ओलं करतोयस?" असं लिस्बेट मागे न बघता ओरडली की दिवस सुरू झाला समजायचं. तिसरा प्रेबेन. एकटाच आलेला, पांढऱ्या दाढीचा, डेन्मार्कमध्ये जटलंडात डुकरं पाळणारा. बोलणं जवळजवळ नाहीच. आणि माझ्या मदतीला माझा धाकटा भाऊ एनोक.

एनोकला मी आजोबा म्हणते. तो जन्मला त्याच महिन्यात आमचे आजोबा वारले, म्हणून त्यांचं नाव त्याला मिळालं, आणि नावाबरोबर मानही. आमची आई पोटच्या पोराला बाबा म्हणून हाक मारते. लहानपणी त्याने माझ्या ताटातला मासा पळवला तरी मला रागावता येत नसे. आजोबांना कोण रागावणार?

"आजोबा, मासा तू खाल्लास का रे?" मी विचारलं.

"मी कशाला मासा खाऊ, ताई? मी बोये खातो," तो म्हणाला आणि खो-खो हसला.

हे बोयाचं प्रकरण त्याच वर्षीचं. वसंतात सगळ्या शिकाऱ्यांच्या देखत एनोकने नेम धरला, गोळी झाडली, आणि सील म्हणून जे उडालं तो दुकानदार निकोलायच्या जाळ्यावर तरंगणारा काळा बोया निघाला. वस्तीला वर्षभराची करमणूक झाली. तेव्हापासून त्याला सगळे बोयाच म्हणतात. दुकानात शिरला की निकोलाय ओरडतो, "बोये लपवा रे, बोया आला!" पण एनोकही काही कमी नाही. पहिल्याच संध्याकाळी पाहुण्यांना ती गोष्ट त्याने स्वतःच रंगवून सांगितली, गाल फुगवून बोया झाला, गोळी लागून मरून दाखवलं. होल्गरला हसून ठसका लागला.

"मग कोणी खाल्ला?" मी म्हटलं.

एनोकने हनुवटी उचलून लांबच्या हिरव्या तंबूकडे दाखवलं. तो प्रेबेनचा तंबू. आम्ही चौघं जवळजवळ झोपत होतो, आणि हा गृहस्थ रोज पार पलीकडे, दगडांमागे जाऊन तंबू ठोकत होता.

"डुकरवाल्याला विचार," एनोक खालच्या आवाजात म्हणाला. "माणसांत बसवत नाही त्याला. आपल्या मामासारखं."

त्याने मामाचं नाव काढलं आणि मी त्या हिरव्या तंबूकडे पुन्हा एकदा बघितलं.

आमच्याकडे माणूस फार लाजला, अपमान गिळता आला नाही, तर कधीकधी तो सगळ्यांकडे पाठ फिरवून डोंगरात निघून जातो. त्याला किवित्तोक म्हणतात. गेलेला परत येत नाही, आणि आलाच तर माणूस म्हणून येत नाही, असं म्हातारे सांगतात. माझा मामा असाच गेला. मी लहान होते. त्याच्यावर जाळं चोरल्याचा आळ आला होता, आणि ज्या फियॉर्डमध्ये मी आता पाहुणे फिरवते त्याच्याच टोकाच्या दरीतून तो वर चढून गेला. जायच्या आधी त्याने खाणं दगडांत लपवलं होतं, आपल्या वस्तू याला-त्याला देऊन टाकल्या होत्या, आणि तोंडातून शब्द काढला नव्हता. हाडंसुद्धा मिळाली नाहीत. आई अजूनही खिडकीशी बसते ती डोंगराकडे पाठ करून. ती म्हणते, रडणारा घरी राहतो, हसणाराही घरी राहतो, गप्प बसणारा जातो.

आणि आमच्यात गप्प बसणारा एकच होता.

त्या दिवसापासून मी प्रेबेनवर डोळा ठेवला. त्याच्याजवळ एक मोठी काळी पिशवी होती, पाणी न शिरणारी. कयाकमधून सामान उतरवताना सगळे सगळ्यांचं उचलतात, पण त्या पिशवीला हात लावला की हा धावत यायचा. "ती मी घेतो, मी घेतो." सकाळी सगळ्यांच्या आधी उठून पिशवी घेऊन कुठेतरी जायचा आणि आम्ही कॉफीला बसलो की परत यायचा. एकदा पाण्यावर माझ्या कयाकशेजारी येऊन त्याने विचारलं, "इथे हिवाळ्यात कोणी राहतं का?"

"नाही."

"पण राहायचं म्हटलं तर? वर गोडं पाणी मिळेल?"

"कशाला हवंय तुम्हाला?"

"सहज," तो म्हणाला आणि मागे पडला.

सहज! हिवाळ्यात सहज राहायला ही जागा म्हणजे काय त्याच्या मावशीचं घर आहे?

मी एनोकला सांगितलं. तो म्हणाला, "बघ हं, ताई. पाठ वळली की जाईल हा." मग नेहमीसारखी काहीतरी मस्करी केली. त्याच्या मस्करीचा मला त्या दिवसांत वैताग आला होता. पाच जणांची जबाबदारी, समुद्रावरून बर्फ आत सरकत होता, आणि या मुलाचं कामात लक्ष नव्हतं. पूर्वी नेहमी तो पुढे असायचा आणि मी पाहुण्यांमागे. या वेळी रोज सकाळी त्याचं एकच. "तू पुढे हो, ताई. मी मागून हाकतो." एकदा भर उन्हात, आरशासारख्या पाण्यात, त्याच्या कयाकचं नाक सरळ एका बर्फाच्या ढेकळावर जाऊन आदळलं. "मुका घेत होतो," तो म्हणाला, आणि सगळे हसले. बर्फावरून कधी अस्वल येतं म्हणून आम्ही बंदूक ठेवतो. ती आजवर त्याच्याच खांद्याला असायची, ती त्याने मला दिली. "खांदा दुखतोय. तू धर." सकाळी लिस्बेटला त्याने, "काय होल्गर, झोप झाली का?" असं विचारलं. ती आधी चमकली, मग इतकी हसली की होल्गरला राग आला.

मला सगळ्यात खटकायचं ते वेगळंच. आम्ही हो म्हणायला भुवया उंचावतो, नाही म्हणायला नाक मुरडतो. वाऱ्यात, पाण्यावर, तोंड उघडायचं कामच पडत नाही. एनोक काही विचारायचा, मी भुवया उंचावायचे, आणि हा परत विचारायचा, "हो की नाही? बोल ना!"

"डॅनिश झालास का रे?" मी खेकसायचे. "तोंडाने ऐकल्याशिवाय कळत नाही?"

"साहेबांच्यात राहून बिघडलो," तो म्हणायचा.

आता लिहिताना माझं मलाच नवल वाटतं. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होत होतं, आणि मी बघत होते त्या हिरव्या तंबूकडे.

फियॉर्डच्या टोकाला पोचलो तेव्हा ऊन होतं, वारा नव्हता आणि डास एवढे होते की जाळीच्या टोप्या घालूनच तंबू ठोकावे लागले. समोर हिमनदी, डाव्या हाताला ती दरी. तिच्यातून ओढा खाली येतो, ओढ्यात मासे असतात, काठाने कमरेएवढी झुडपं. वडील आम्हाला मासे धरायला इथेच आणायचे. तिथे आमचा जास्तीचा मुक्काम असतो. पाहुणे चालायला जातात, झोपतात, पाय शेकतात.

सामान लावताना कळलं, लहान भांडं गायब होतं. झाकण होतं, भांडं नव्हतं. काडेपेट्यांचं पुडकं हलकं लागलं. मासे धरायची दोरी नव्हती. चहा निम्मा.

"रेनडियर असतील," होल्गर म्हणाला.

"हो, चहा करायला नेलं असेल भांडं," लिस्बेट म्हणाली. मग माझ्याजवळ सरकून पुटपुटली, "बिबियाने, तो माणूस मला सुरुवातीपासून बरा वाटत नाही. घरचं कोणाचं नाव काढत नाही. बायको आहे का विचारलं, तर म्हणाला, वेगळ्या खोलीत झोपते. असं कोणी सांगतं का?"

मी एनोककडे बघितलं. तो काटक्या गोळा करत होता आणि गुणगुणत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेबेन नेहमीप्रमाणे काळी पिशवी घेऊन ओढ्याच्या दिशेने निघाला, आणि मी त्याच्या मागे. बंदूक खांद्याला होतीच. त्याच्यावर झाडायला नव्हे, पण हातात काही असलं की मला बरं वाटतं. झुडपांत तो दिसेनासा झाला. मग पाण्याचा आवाज आला. मी वळसा घालून वरच्या बाजूने गेले आणि पाहिलं, तर हा ओढ्याकाठी गुडघ्यांवर बसलेला, आणि त्याच्या कमरेला माझ्या वडिलांचा चाकू.

सीलच्या हाडाची मूठ, तिच्यावर वडिलांनी कोरलेला पक्षी. तो चाकू वडिलांनी एनोकला दिला होता. एनोक तो कधी कोणाला हातात धरूही देत नसे.

माझं डोकं फिरलं. "तो चाकू काढा," मी वरून ओरडले. "आणि मासा कुठाय माझा? भांडं कुठाय? काय काय नेलंत आणि कुठे निघालात तुम्ही?"

तो इतका दचकला की त्याच्या हातातलं काहीतरी पाण्यात पडलं. ते धरायला तो तसाच ओढ्यात उतरला. हातात घेऊन उभा राहिला तेव्हा दिसलं, रबरी मुखवट्यासारखं काहीतरी होतं, त्याला लांब नळी. उघड्या पिशवीत एक यंत्र होतं आणि शेजारी जाड बॅटरी.

"मी घोरतो," प्रेबेन म्हणाला. कपाळापर्यंत लाल झाला होता. "झोपेत श्वास अडकतो माझा. हे लावून झोपावं लागतं. फार आवाज होतो. बायकोसुद्धा... म्हणून लांब तंबू लावतो. लोक हसतात हो. सकाळी धुवायला इथे येतो. तुमचा मासा मी नाही घेतला."

मी बंदूक खाली केली. मला ओशाळल्यासारखं झालं, पण संशय असा एका फटक्यात मरत नाही. "आणि हिवाळ्यात इथे राहायचं काय विचारत होता?"

"इथे डुकरं टिकतील का, असा विचार करत होतो," तो म्हणाला. "दुसरा विचार मला येतच नाही फारसा."

"आणि चाकू?"

त्याने तो पट्ट्यातून काढला आणि मूठ माझ्याकडे करून पुढे धरला. "एनोकने दिला. काल संध्याकाळी. मी नको म्हटलं, खरंच. वडिलांचा आहे म्हणाला, मग तर मी घेईचना. पण तो म्हणाला, ठेवा, मला आता लागणार नाही."

मी चाकू घेतला. ओढ्याचा आवाज एकदम फार मोठा झाला असं मला वाटलं. मला आता लागणार नाही.

"त्याला सांगू नका मी परत दिला म्हणून," प्रेबेन म्हणाला. "वाईट वाटेल त्याला."

मी परत निघाले ती सरळ वाटेने नव्हे, दरीच्या कडेकडेने, जिथून वर चढायची पायवाट सुरू होते तिथून. काय शोधत होते ते मला ठाऊक होतं आणि ते सापडू नये असंही वाटत होतं. एका खडकाच्या पायथ्याशी दगडांची रास दिसली. अशा राशी आमच्याकडे जागोजाग असतात, जुन्या शिकाऱ्यांच्या, मांस साठवायच्या. ही मात्र नवी होती. दगडांची शेवाळाची बाजू बाहेर केलेली होती, उगीच कोणाच्या नजरेत येऊ नये म्हणून. आणि राशीच्या तोंडाशी, दोन दगडांच्या बेचक्यात, किनाऱ्यावरचा एक गुळगुळीत पांढरा गोटा बसवला होता.

जगात हे एकच माणूस करायचा, माझे वडील. कोठाराचं तोंड बंद करताना ते शेवटी गोल गोटा लावायचे. म्हणायचे, "हिमवादळात डोळे चालत नाहीत. हात फिरवायचा, गोटा लागला की तिथेच तोंड." ही खूण त्यांनी दोघांना शिकवली होती. त्यातली एक मी.

गोटा काढला. आत हलिबट होता, चहा, काडेपेट्या, दोरी, लोकरीचे मोजे.

मी तिथेच, राशीवर बसले. राग आला होता. मामाच्या वेळी आई कशी बसली असेल ते मला तेव्हा कळलं. हसणारा घरी राहतो म्हणे! आम्ही सगळ्यांनी त्या एका वाक्यावर विश्वास ठेवून त्याला हसत ठेवला होता. आणि प्रेबेनचं नाव माझ्या कानात घातलं कोणी? मामाची आठवण करून दिली कोणी? माझ्या आजोबांनीच.

उठून तळावर जावं का, असं मनात आलं. पण त्याला पाहुण्यांसमोर काही विचारलं असतं तर त्याने एक मस्करी केली असती आणि निसटला असता. भांडं कोठारात नव्हतं. म्हणजे ते ठेवायला तो येणार होता. मी थांबले.

ऊन चांगलं वर आलं तेव्हा तो पायवाटेने आला. हातात भांडं. माझं जाकीट लालभडक आहे, पाहुण्यांना लांबून दिसावं म्हणून मुद्दाम घेतलेलं. मी उघड्यावर बसले होते, तो सरळ माझ्याकडे बघत चालत होता, आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं. दचकला नाही, थबकला नाही, हसला नाही. मला वाटलं, निर्ढावलाय. मग तो आणखी जवळ आला, खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीइतक्या अंतरावर, आणि एकदम थांबला. मान थोडी बाजूला वळवली.

"कोण आहे?" त्याने विचारलं. डॅनिशमध्ये. पाहुण्यांशी बोलतात तसं, अदबीने.

भर उन्हात माझ्या सख्ख्या भावाने मला परक्या भाषेत विचारलं, कोण आहे. बोया, बर्फाचं ढेकूळ, बंदूक, होल्गर-लिस्बेट, माझ्या भुवया, सगळं एका क्षणात माझ्या अंगावर कोसळलं.

"मी आहे," मी म्हटलं.

त्याच्या हातातलं भांडं खाली गेलं. पडलं नाही, त्याने सावकाश ठेवलं. मग तोही एका दगडावर बसला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"हिवाळ्यापासून. जिथे बघतो तिथेच धूर. कडेला ठीक दिसतं. पाणी दिसतं, डोंगर दिसतात. बघायला गेलं की नाहीसं होतं." मग तो म्हणाला, "तुझा चेहरा गेला की. जाकीट पण गेलं बघ आज."

"नर्सकडे गेला होतास?"

"कशाला? तिच्या आईला कळलं की पूर्ण वस्तीला कळणार."

"कळू दे! वस्ती काय रोज हसतेच आहे तुला!"

"हसतात ते बरंय, ताई," तो म्हणाला. "बोया म्हणतात ते चालतं मला. बोया म्हणजे काय, एकदा नेम चुकला. पुढच्या वेळी लागेल. पण खरं कळलं ना, की हसायचे थांबतील. निकोलाय पिशवी उचलून घरापर्यंत आणून देईल. पोरं रस्त्यातून बाजूला होतील. आई मला बाबा म्हणते. बाबांनी शिकार आणायची असते. मी काय, दुकानात डबे लावू? तेही वाचून लावता येणार नाहीत."

"आणि हे?" मी राशीवर हात आपटला. "हे किती दिवस पुरणार होतं?"

"बर्फ पडेपर्यंत."

"आणि मग?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं, ते दरीत वर कुठेतरी मामाशेजारी पडलं होतं.

मला रडू फुटणार होतं. त्याला छातीशी धरावं, केसांतून हात फिरवावा, अरे माझ्या सोन्या म्हणावं, असं अगदी वाटलं. आणि तेवढ्यात कळलं की तेच करायचं नाही. तो ज्याला भिऊन पळत होता ते हेच होतं. मी कीव केली असती तर तो तिथूनच उठून वर गेला असता.

"आजोबा," मी म्हटलं, "चोरी करायची अक्कल नाही तुला. भांडं न्यायचं तर झाकणासकट न्यावं. झाकण माझ्याकडे आहे. त्या डोंगरात तू डास शिजवून खाणार होतास."

त्याचे खांदे हलायला लागले. हसतोय की रडतोय ते मला कळेना, बहुतेक त्यालाही कळत नसावं.

"झाकण दिसलं नाही मला," तो म्हणाला, आणि मग आम्ही दोघंही हसलो, डोळे पुसत, नाक ओढत.

"कोणाला सांगणार आहेस?" त्याने मग विचारलं.

"नर्सला सांगणार. शरद ऋतूत शहरात डोळ्यांचा डॉक्टर येतो, त्याच्यापुढे तुला मानगूट धरून बसवणार. आईलाही सांगणार. मी तोंड शिवून ठेवीन असं समजू नकोस."

"आणि वस्तीला?"

"वस्तीला तू सांग. बोयाची गोष्ट सांगतोस ना? तिचा शेवट सांगायचा राहिलाय, तो सांग."

तो बराच वेळ पायाजवळच्या दगडांवर हात फिरवत राहिला. गोटा मी बाजूला ठेवला होता. त्याच्या बोटांना तो लागला, त्याने उचलला, तळहातावर फिरवला.

"मी सांगितल्यावर ते हसले नाहीत तर?"

मी नाक मुरडलं. मग आठवलं, आणि तोंडाने म्हटलं, "नाही. असं होणार नाही. निकोलाय आहे ना. तो कोणाच्या मयतातसुद्धा हसतो."

सगळं सामान आम्ही दोघांनी परत खाली आणलं. चाकू मी त्याच्या पट्ट्यात खोचला. त्याने मुठीवरच्या पक्ष्यावरून अंगठा फिरवला आणि कुठून आला ते विचारलं नाही. दुपारी मी हलिबट काढला आणि सगळ्यांत मोठा तुकडा प्रेबेनच्या पुढ्यात ठेवला.

"सापडला का मासा?" लिस्बेटने विचारलं. तिचा डोळा प्रेबेनवर होता.

"सापडला. माझ्याच लोकांनी भलतीकडे ठेवला होता," मी म्हटलं. "आणि प्रेबेन, आज तंबू इकडे आणा. मी एवढी घोरते की हिमनदीचे कडे पडतात. तुमचं यंत्र कोणाला ऐकूसुद्धा येणार नाही."

प्रेबेनने माझ्याकडे बघितलं आणि दाढीतल्या दाढीत हसला. तेवढ्या दिवसांत पहिल्यांदाच.

परतीला मी कयाकांची वाटणी बदलली. होल्गरला माझं दिलं, लिस्बेटला एनोकचं. लग्नानंतर पहिल्यांदाच एकटी चाललेय म्हणून ती एवढी खूश झाली की होल्गरला मागे टाकून सारखी पुढे पळायची. जोडकयाकमध्ये एनोक पुढे आणि मी मागे, पाय सुकाणूवर. का, ते कोणाला सांगितलं नाही. मला तो वल्ह्याच्या टप्प्यात हवा होता. खरं सांगायचं तर तो पुन्हा जाणार नाही याची मला अजूनही खात्री नव्हती. मी सारखी त्याच्या पाठीकडे बघत होते. पाठीवरून काय कळणार?

फियॉर्ड रुंद होतं तिथे, दुपारी, होल्गर ओरडला, "ते बघा! समोर! डोकं!"

"बोया असेल," एनोक मोठ्याने म्हणाला, आणि सगळे हसले. पाण्यावर ते हसणं लांबवर गेलं.

मग त्याने वल्हं थांबवलं. मान न वळवता, फक्त मला ऐकू येईल असं त्याने विचारलं, "काय आहे, ताई?"

"सील."

"कुठे?"

"नाकासमोर. तुझ्या धुरात."

त्याने मान हलवली. हात वल्ह्यावर तसेच राहिले.

मी डाव्या पायाने सुकाणू दाबलं. कयाकचं नाक हळूहळू डावीकडे वळलं, आणि ते काळं ओलं डोकं समोरून सरकत सरकत त्याच्या उजव्या कडेला आलं. एनोक हलला नाही. समोरच बघत राहिला, रिकाम्या पाण्याकडे, श्वास धरून.

"दाढीवाला सील आहे," तो म्हणाला. "मोठा आहे."